निषेधाला दिलेले रोगाचे नाव

जोनाथन मेट्झल यांच्या ‘द प्रोटेस्ट सायकोसिस’ या ग्रंथाचे परीक्षण

मनाने खचलेल्या स्त्रिया धर्मगुरूंच्या दारी येतात आणि आपले दुःख बोलून दाखवितात. पुरुष मात्र येत नाहीत, आणि आले तरी डोकेदुखी, निद्रानाश, फार तर दारू एवढ्याचीच कबुली देतात, असा अनुभव आपल्यापैकी बहुतेक सेवकांस आहे. त्याचे जे स्पष्टीकरण आपण देतो तेही ठरलेले असते. पुरुषांस अहंकार असतो, लोकलज्जा असते, मनोविकारांविषयी अज्ञान असते; तेव्हा अज्ञान घालवावे, लज्जा मोडावी, म्हणजे ते औषधोपचारास तयार होतील, असे आपण मानतो. हे स्पष्टीकरण खोटे नाही, परंतु अपुरे आहे, आणि त्याच्या अपुरेपणात एक सोय दडलेली आहे. ते सारा दोष रोग्याच्या पदरात टाकते. उपचार करणारे आणि उपचाराकडे धाडणारे मात्र मोकळे राहतात.

ही सोय हिरावून घेणारा एक ग्रंथ धर्मगुरूंनी व धर्मशिक्षकांनी वाचावा, असे आम्हांस वाटते. जोनाथन मेट्झल हे अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ आणि वैद्यकाचे इतिहासकार. त्यांचा ‘द प्रोटेस्ट सायकोसिस’ हा ग्रंथ बोस्टनच्या बीकन प्रेसने २०१० साली वाचकांपुढे आणला. स्किझोफ्रेनिया, म्हणजे मराठीत ज्यास छिन्नमनस्कता म्हणतात तो विकार, अमेरिकेत कृष्णवर्णीयांचा रोग कसा समजला जाऊ लागला, हा त्याचा विषय. विषय परका आहे. वर्णभेदाची ती कहाणी अमेरिकेची आहे, आणि तिच्यावर आपल्या देशातील दुःखांची नावे घाईने चिकटविणे उचित नव्हे. तथापि रोगी आणि त्याला बरे करू पाहणारी संस्था यांच्यामधील विश्वास कसा तुटतो, हा प्रश्न त्या कहाणीच्या मुळाशी आहे, आणि तो प्रश्न परका नाही.

१

ग्रंथाचा आधार एकाच इस्पितळाचे दप्तर आहे. मिशिगन राज्यात आयोनिया या गावी १८८५ साली गुन्हेगार वेड्यांसाठी एक आश्रयस्थान उघडले गेले. पुढे ते आयोनिया स्टेट हॉस्पिटल या नावाने चालले, आणि १९७० नंतरच्या दशकात त्याचे तुरुंगात रूपांतर झाले. इस्पितळ मिटले, परंतु रोग्यांची टाचणे लान्सिंग येथील राज्य-दप्तरखान्यात राहिली. मेट्झल यांनी ती वाचली. कोण रोगी, कोणत्या वर्णाचा, कोणत्या गावाहून आला, कोणत्या अपराधाबद्दल आला, त्याला कोणते निदान दिले गेले आणि ते पुढे बदलले काय, हे त्यांनी वर्षामागून वर्ष लावून पाहिले.

जे आढळले ते थोडक्यात असे. शतकाच्या पूर्वार्धात आयोनियामध्ये स्किझोफ्रेनियाचे निदान ज्यांस मिळाले ते प्रामुख्याने गौरवर्णीय होते, आणि त्यांत ग्रामीण भागातून आलेल्या, किरकोळ अपराधांत सापडलेल्या स्त्रियाही होत्या. १९६० नंतरच्या दशकात चित्र पालटले. तेच निदान आता डेट्रॉइट शहरातून आलेल्या कृष्णवर्णीय पुरुषांच्या माथी अधिकाधिक येऊ लागले. हा नागरी हक्कांच्या चळवळीचा काळ होता. १९६७ च्या जुलैमध्ये डेट्रॉइटमध्ये मोठा उठाव झाला व त्यात ४३ माणसे मृत्यू पावली. मेट्झल यांचा प्रश्न साधा आहे. एका दशकात एखाद्या समाजाच्या मेंदूचे रसायन बदलत नाही. मग बदलले काय?

२

याचे उत्तर ते शब्दांच्या इतिहासात शोधतात. ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली प्रचारात आणला. त्यानंतर कित्येक वर्षे अमेरिकन मासिकांतून या विकाराचे जे चित्र रंगविले जाई ते निरुपद्रवी, स्वप्नाळू, मध्यमवर्गीय गौरवर्णीय माणसाचे असे, पुष्कळदा संसाराला कंटाळलेल्या गृहिणीचे. अशा रोग्याची लोकांस कीव येई. भीती वाटत नसे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९५२ साली विकारांची पहिली अधिकृत सूची प्रसिद्ध केली. तीत या विकारास ‘प्रतिक्रिया’ म्हटले होते, म्हणजे जीवनातील आघातांना मनाने दिलेले उत्तर. १९६८ च्या दुसऱ्या सूचीतून ‘प्रतिक्रिया’ हा शब्द गळाला, आणि संशयग्रस्त प्रकाराच्या वर्णनात रोग्याची वृत्ती वारंवार वैरभावी व आक्रमक असते, असे नमूद झाले. त्या वर्णनातील रोगी व्याकरणानेही पुरुष होता.

त्याच १९६८ साली वॉल्टर ब्रॉमबर्ग आणि फ्रँक सायमन या दोन तज्ज्ञांनी एका प्रतिष्ठित मनोविकार-नियतकालिकात एक लेख लिहिला. चळवळीतील विचार, आफ्रिकन व इस्लामी अस्मितेची ओढ आणि गौरवर्णीय संस्कृतीचा धिक्कार यांतून कृष्णवर्णीय पुरुषांस एक प्रकारचे वेड लागते, असा त्यांचा दावा होता, आणि त्या वेडास त्यांनी ‘निषेध-मनोविकृती’ असे नाव दिले. मेट्झल यांच्या ग्रंथाचे नाव येथूनच आले आहे. पुढे १९७४ साली त्याच नियतकालिकात हॅलडॉल या औषधाची जाहिरात आली. तीत शहरी रस्त्यावर उभा, मूठ वळलेला, क्रुद्ध कृष्णवर्णीय पुरुष चितारला होता. ज्या वळलेल्या मुठीने चळवळीची ओळख दिली, तीच मूठ औषध-कंपनीच्या चित्रात रोगाचे लक्षण झाली.

ग्रंथाचा मोठा गुण असा की, मेट्झल कोणा डॉक्टरास खलपुरुष ठरवीत नाहीत. आयोनियातील वैद्यांपैकी अनेक जण कर्तव्यदक्ष होते व रोग्याचे हितच चिंतीत होते, हे ते मान्य करतात. अन्याय व्यक्तीच्या हेतूत नव्हता. तो वर्गीकरणात, टाचणाच्या नमुन्यात, ‘वैरभावी’ या एका विशेषणात वस्तीला होता. म्हणून सद्भावनेचा मनुष्यही निर्वेध चित्ताने त्यात सहभागी होऊ शकला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ च्या ‘सॉलिसितुदो रेई सोशियालिस’ या परिपत्रकात पापाच्या संरचनांविषयी जे विवेचन केले, त्याचे इतके नेमके वैद्यकीय उदाहरण आमच्या वाचनात दुसरे नाही. मेट्झल यांनी पुढे २०१४ साली हेलेना हॅन्सन यांच्यासमवेत असे मत मांडले की, डॉक्टरांच्या शिक्षणात रोग्याच्या संस्कृतीचे ज्ञान पुरेसे नाही, त्याला घेरणाऱ्या संरचनांची जाण असली पाहिजे. ही मागणी सेमिनरींसही लागू पडते.

३

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कृष्णवर्णीय पुरुष उपचारास जात नाहीत, ही तक्रार अमेरिकेत जुनी आहे. त्या देशाच्या सर्जन जनरलनी २००१ साली मानसिक आरोग्य, संस्कृती व वंश यांविषयी जो अहवाल दिला त्यात अल्पसंख्य समाजांस उपचार कमी मिळतात व मिळतात ते कमी दर्जाचे असतात, हे स्पष्ट म्हटले आहे. उपचारांविषयीचा अविश्वास हे त्यामागील एक कारण म्हणून तेथे नोंदलेले आहे. हा अविश्वास निव्वळ अज्ञान आहे काय? मेट्झल यांचा ग्रंथ वाचल्यावर तसे म्हणवत नाही. ती स्मृती आहे.

आणि ही स्मृती आयोनियाहूनही जुनी आहे. १८५१ साली सॅम्युअल कार्टराइट या दक्षिणेतील डॉक्टराने ‘ड्रॅपटोमेनिया’ नावाचा रोग शोधून काढला. गुलामाने मालकाकडून पळून जाणे हे त्या रोगाचे लक्षण, आणि चाबूक हा त्यावरचा एक उपाय. कार्टराइटने आपल्या मताच्या पुष्टीस पवित्र शास्त्र पुढे केले. गुलामाने गुडघे टेकावे हीच उत्पन्नकर्त्याची इच्छा, असे त्याने शास्त्रवचनांतून काढून दाखविले. खोट्या निदानाला खोट्या अर्थविवरणाचा टेकू मिळाला, ही गोष्ट शास्त्र शिकविणाऱ्यांनी विसरू नये.

दुसरी स्मृती अॅलाबामातील टस्कीगीची. तेथे १९३२ पासून १९७२ पर्यंत अमेरिकन सार्वजनिक आरोग्य सेवेने उपदंशाने पीडित ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांस, आणि तुलनेसाठी रोगमुक्त अशा आणखी २०१ पुरुषांस, निरीक्षणाखाली ठेविले. पेनिसिलिन सर्वत्र मिळू लागल्यावरही ते या रोग्यांस दिले गेले नाही, आणि खरे काय चालले आहे ते सांगितलेही नाही. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी १९९७ साली राष्ट्राच्या वतीने क्षमा मागितली. या गरीब शेतकऱ्यांस एकत्र आणण्यासाठी तेथील शाळा आणि चर्चेस यांच्या द्वारे सूचना पोहोचविल्या गेल्या होत्या. आपल्या पाळकाने सांगितले म्हणून जो मनुष्य दवाखान्यात गेला आणि फसविला गेला, त्याच्या नातवाने दवाखान्याकडे पाठ फिरविली, तर त्यास अज्ञानी म्हणण्याचा अधिकार कोणास आहे?

४

या ग्रंथाच्या अनुषंगाने एक धर्मशास्त्रीय प्रश्न उभा राहतो, तो मेट्झल यांनी पूर्णपणे मांडलेला नाही. मांडणे हे त्यांचे काम नव्हे, आपले आहे. १ सप्टेंबर १९६७ रोजी डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांनी अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेपुढे भाषण केले. परिस्थितीशी जुळवून न घेणे हे मानसशास्त्रात दोषाचे लक्षण मानतात. परंतु वंशभेद, दारिद्र्य व हिंसा यांच्याशी जुळवून घेण्यास आपण कधीच तयार होऊ नये, आणि आमोस संदेष्ट्याप्रमाणे अशा गोष्टींशी न जुळणाऱ्या माणसांची जगास गरज आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पुढच्याच वर्षी ‘निषेध-मनोविकृती’चा लेख आला. ज्या न जुळण्यास किंग यांनी संदेष्ट्याचा वारसा म्हटले होते, त्यालाच त्या लेखाने रोग म्हटले.

पवित्र शास्त्राच्या वाचकास हे नवे नाही. बाबेलात हद्दपार झालेल्या लोकांस यिर्मयाने पत्र धाडले, तेव्हा शमायाने मंदिराच्या अधिकाऱ्यास लिहून कळविले की, संदेष्टेपणाचा आव आणणाऱ्या वेड्यांस खोड्यात घालणे हे तुझे काम आहे (यिर्मया २९:२६). तेथे निदान आणि बेड्या एकाच वाक्यात आल्या आहेत. पौलाची विद्या त्याला वेड लावीत आहे, असे फेस्ताने भर दरबारात म्हटले (प्रेषितांची कृत्ये २६:२४). स्वतः प्रभूस त्याच्या आप्तांनी वेडा समजून धरावयास जावे (मार्क ३:२१), हे तर शुभवर्तमानानेच लपविलेले नाही. ज्या विश्वासाचा प्रभू वेडा ठरविला गेला, त्या विश्वासाच्या सेवकांनी ‘वेडा’ हा शब्द उच्चारण्यापूर्वी थांबले पाहिजे.

५

तरीसुद्धा हा ग्रंथ निर्दोष नाही, आणि त्याच्या मर्यादा सांगणे आवश्यक आहे.

पहिली मर्यादा पुराव्याची. एक इस्पितळ, तेही गुन्हेगार वेड्यांचे, संपूर्ण राष्ट्राच्या मनोविकारशास्त्राचे प्रतिनिधी होऊ शकते काय? मेट्झल मासिके, जाहिराती व वैद्यकीय लेख यांची जोड देऊन ही उणीव भरून काढतात. परंतु आयोनियापासून अमेरिकेपर्यंतची उडी काही ठिकाणी लांब वाटते.

दुसरी मर्यादा अर्थविवरणाची. १९६८ च्या सूचीतील ‘वैरभावी’ या शब्दावर त्यांचा बराच भर आहे. परंतु १९५२ च्या सूचीतही संशयग्रस्त प्रकाराच्या वर्णनात वैरभाव व आक्रमकता यांचा उल्लेख होताच. म्हणजे केवळ शब्द बदलल्यामुळे निदान बदलले, असे म्हणता येणार नाही. बदलले ते त्या शब्दापुढे वैद्याच्या डोळ्यांसमोर उभे राहणारे तोंड. आमच्या मते यामुळे मेट्झल यांचा मूळ सिद्धांत दुबळा होत नाही, उलट अधिक गंभीर होतो. कारण पुस्तकातील शब्द सुधारता येतो, डोळ्यांतील चित्र सुधारणे कठीण.

तिसरी मर्यादा सर्वांत धोक्याची आहे, आणि ती लेखकापेक्षा वाचकाच्या हातून घडण्याचा संभव अधिक. निदानाचा इतिहास वर्णभेदाने मलिन झाला, यावरून रोगच काल्पनिक, असा निष्कर्ष कोणी काढील. मेट्झल तो काढीत नाहीत. आपण स्वतः वैद्य आहोत, रोग्याचे दुःख खरे असते आणि औषध उपयोगी पडते, ही त्यांची भूमिका आहे. ज्यास आवाज ऐकू येतात, ज्याची झोप गेली आहे, जो आपल्या मुलांस ओळखीनासा झाला आहे, त्यास ‘तू संदेष्टा आहेस, गोळ्या टाकून दे’ असे सांगणे हे क्रौर्य होय. यिर्मयाला वेडा म्हणणे जसे पाप, तसेच व्याधिग्रस्ताला यिर्मया म्हणून उपचारावाचून सोडणे हेही पाप.

चौथी उणीव अशी की, या ग्रंथातील पुरुष बहुधा क्रुद्ध आहे. खचलेला, मुका पुरुष त्यात कमी दिसतो. त्यासाठी जॉन हेड या कृष्णवर्णीय पत्रकाराचे ‘स्टँडिंग इन द शॅडोज’ हे २००४ चे पुस्तक सोबत वाचावे. कृष्णवर्णीय पुरुषांतील विषण्णतेविषयी, आणि ती पुरुषार्थाच्या कल्पनेखाली कशी दडपली जाते याविषयी, त्यांनी स्वानुभवाने लिहिले आहे. दोन्ही पुस्तके एकत्र वाचली की एक विसंगती उलगडते. त्याच पुरुषावर एका रोगाचे निदान वाजवीपेक्षा अधिक लादले जाते, आणि दुसरा रोग मात्र कोणाच्या ध्यानातही येत नाही. सर्जन जनरलच्या अहवालातही हा कल नोंदलेला आहे. क्रोध लगेच दिसतो. दुःख दिसण्यास कोणीतरी जवळ बसावे लागते.

६

आपल्या देशात मनोविकारांच्या इस्पितळांचा प्रारंभही वर्णभेदापासून मुक्त नव्हता. रांचीजवळ कांके येथे १९१८ साली युरोपियनांसाठी स्वतंत्र इस्पितळ उघडले. हिंदी रोग्यांचे वेगळे इस्पितळ तेथे १९२५ साली सुरू झाले. तो भेद गेला, परंतु इस्पितळाविषयीचा धाक राहिला, आणि तो आपल्या भाषेत मुरला. पुण्याकडे ‘याला येरवड्याला पाठवा’ म्हणतात, हैदराबादेत एर्रगड्डा, बेळगावकडे धारवाड, उत्तरेत आग्रा आणि रांची. गावाचे नावच शिवी होऊन बसले आहे. अशी नावे लहानपणापासून थट्टेत ऐकलेल्या पुरुषास आपण एके दिवशी गंभीरपणे तेथे जाण्यास सांगतो, आणि तो गेला नाही म्हणजे आश्चर्य करतो.

प्रश्न किती मोठा आहे हे दोन आकड्यांवरून कळेल. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली या देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यांत दर दहांमागे सातांहून अधिक पुरुष होते. आणि २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मनोविकारांच्या बाबतीत शेकडा ७० ते ९२ रोगी उपचारावाचून असल्याचे आढळले.

मेट्झल यांच्या ग्रंथात ख्रिस्तसभेस स्वतंत्र प्रकरण नाही. ते आपण आपल्यापुरते लिहावयाचे आहे, आणि त्याचा आरंभ आत्मपरीक्षणाने व्हावा. ‘तुझा विश्वास कमी पडला’, ‘प्रार्थना सोडलीस म्हणून असे झाले’, ‘पुरुषासारखा पुरुष आणि रडतोस काय’, ही आपल्या घरातील निदाने आहेत. तीही एक प्रकारची सूची आहे, आणि तिच्यात पाप, दुर्बलता व भूतबाधा यांखेरीज चौथा रकाना पुष्कळदा नसतो. ही वाक्ये एकदा ऐकून परत गेलेला पुरुष पुन्हा येत नाही, आणि आपण आपल्या अहवालात लिहितो की पुरुष येत नाहीत.

यास्तव काही गोष्टी आम्ही आमच्या बंधूंपुढे नम्रपणे ठेवितो. उपदेशपीठावरून वेडाची थट्टा होऊ नये, दृष्टान्तातसुद्धा. धर्मशिक्षकाने आपल्या जिल्ह्यातील मनोविकारतज्ज्ञ कोण, सरकारी इस्पितळात हा विभाग कोणत्या वारी चालतो, हे स्वतः जाऊन पाहून ठेवावे. ‘डॉक्टरला दाखव’ एवढे सांगून न थांबता पहिल्या खेपेस सोबत जावे, कारण ज्या दाराची भीती वाटते तेथे एकट्यास धाडणे म्हणजे न धाडणेच होय. २०२२ पासून चालू असलेली ‘टेलिमानस’ ही सरकारी दूरध्वनी-सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते, हे मंडळीस ठाऊक असावे. कोणाही मनोरुग्णास साखळदंडाने बांधणे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने निषिद्ध आहे. प्रार्थनेच्या नावाखाली ते कोठे चालत असेल तर तेथे मौन धरू नये. प्रार्थना व तैलाभ्यंग अवश्य करावे, परंतु औषध बंद करण्याची अट त्यास कधीही जोडू नये. एलीया झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवदूताने त्यास उपदेश केला नाही. आधी झोपू दिले आणि भाकर दिली (१ राजे १९). आणि शेवटची गोष्ट, जो पुरुष रागावून बोलतो त्याच्या रागात गाऱ्हाणे किती व आजार किती, हे ठरविण्यापूर्वी ते गाऱ्हाणे पूर्ण ऐकावे. त्यात सत्य असेल तर ते आजाराच्या नावाखाली झाकू नये. आजार असेल तर तो सत्याच्या नावाखाली वाढू देऊ नये.

गरसेकरांच्या प्रदेशातील त्या मनुष्यास लोकांनी बेड्या व साखळ्या घालून पाहिल्या होत्या (मार्क ५). प्रभूने त्यास पहिला प्रश्न विचारला तो त्याच्या नावाचा. तो शुद्धीवर येऊन, वस्त्रे नेसून बसलेला दिसला तेव्हा गावकरी आनंदले नाहीत, भ्याले. आणि त्यांनी प्रभूलाच तेथून निघून जाण्याची विनंती केली. त्या मनुष्यास प्रभूबरोबर जावयाचे होते. प्रभूने त्यास त्याच गावी, त्याच्या स्वकीयांकडे परत पाठविले. बरा झालेला पुरुष परत येतो ते आपल्याच मंडळीत. मेट्झल यांचा ग्रंथ मिटविताना आम्हांस त्या गावाची आठवण होते. त्याने त्या माणसाला परत आल्यावर कोणत्या नावाने हाक मारली, हे शुभवर्तमान सांगत नाही. आपल्या मंडळीपुरते ते आपणांस ठरवावयाचे आहे.